मेघाला जागा हवी

यक्षाने मेघाला दूत केले तेव्हा त्याच्या मुक्कामाची चिंता नव्हती. डोंगरमाथ्यावर घटकाभर टेकला की झाले. आजचा मेघ निराळा. आपली सारी टिपणे 'क्लाउड'मध्ये आहेत, असे माझे विद्यार्थी सांगतात आणि मी उगाच वर पाहतो! वाचकहो, तो मेघ आकाशात नाहीच. एकरांनी जमीन अडवून, हजारो संगणक पोटात घेऊन तो खालीच बसला आहे. त्याला वीज लागते ती अहोरात्र.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात तर त्याने अणुवीज केंद्राशीच सोयरीक जमवली आहे. सस्क्वेहाना अणुकेंद्रालगतचे डेटा सेंटरचे आवार अ‍ॅमेझॉनने २०२४ साली ६५ कोटी डॉलरना घेतले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने थ्री माइल आयलंडवरच्या, २०१९ साली बंद झालेल्या अणुभट्टीची वीज २० वर्षे घेण्याचा करार केला. १९७९ च्या अपघातातली भट्टी ती ही नव्हे. ही तिची शेजारीण.

मग गावाने बोलायचे काय? अणूच्या धोक्याचा हिशेब संघ सरकारचा. वीज परवडते का, जमीन कोणती, हे राज्याचे, अशी वाटणी सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली मान्य केली. पेनसिल्व्हेनियाने जमिनीच्या वापराचा अधिकार १९६८ च्या कायद्याने गावांकडे सोपवला. पण त्यातही मेख आहे. एखादा कायदेशीर धंदा आमच्या हद्दीत मुळीच नको, असे गावाला म्हणता येत नाही. कुठेतरी जागा दाखवावीच लागते. म्हणजे 'नको' हा शब्द गावाच्या कोशात नाही. आहेत ती दोन क्रियाविशेषणे: 'कुठे' आणि 'कसे'. वस्तीपासून किती दूर, किती उंच, यंत्रांचा आवाज किती, एवढेच विचारायचे.

मराठीच्या मास्तराला या दोन शब्दांचे मोल कळते. २०२५ साली गव्हर्नर शापिरो यांनी वीजप्रकल्पांना झटपट परवाने देणाऱ्या राज्य मंडळाची योजना मांडली. घाई समजण्यासारखी आहे, वीज हवीच. पण राजधानीतल्या नकाशावर कोणाची विहीर, कोणाच्या पोरांची शाळेची वाट दिसत नाही. ती गावच्या सभेत उठून बोलणाऱ्यालाच ठाऊक. घाईघाईत ही दोन अव्ययेही हिरावली गेली, तर गावाकडे एकच केवलप्रयोगी उरेल: 'अरेरे!'