अपडेटच्या नादात 'पाय' मोडला!

आपल्या पिढीला दोन गोष्टी बघवत नाहीत. एक, फोनची वीस टक्क्यांवर आलेली बॅटरी. आणि दोन, स्क्रीनच्या कोपऱ्यात लुकलुकणारा 'अपडेट अव्हेलेबल'चा ठिपका. तो दिसला रे दिसला की बोट शिवशिवतं. बरं, अपडेट करू नये असं कुणीच म्हणत नाही. सिक्युरिटीचे पॅचेस त्यातूनच येतात. पण त्या दहा-पंधरा मिनिटांत आत नेमकं काय चाललेलं असतं आणि तेवढ्यात लाइट गेली तर काय होतं, याचा विचार आपल्यातले किती जण करतात?

माझ्या एका मित्राने नव्हता केला. त्याची ही स्टोरी. खरं तर त्याच्या बाबांची, म्हणजे काकांची.

काका चिपळूणला असतात. निवृत्त शिक्षक. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच भुंगा होता : आपल्या गच्चीवर पाऊस किती पडतो त्यापेक्षा तो किती वेगाने पडतो, हे आपल्याला कळलं पाहिजे. चोवीस तासांत दोनशे मिलिमीटर पडला तर नदी सोसते. तोच चार तासांत पडला तर बोंबाबोंब. मग मुलाने २०२२ च्या जूनमध्ये त्यांना एक रास्पबेरी पाय आणि पाऊस मोजणारी 'टिपिंग बकेट' बसवून दिली.

रास्पबेरी पाय म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : क्रेडिट कार्डाएवढा अख्खा कॉम्प्युटर. केंब्रिजच्या एबन अपटन आणि मंडळींनी शाळकरी पोरांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून काढला आणि २९ फेब्रुवारी २०१२ ला ३५ डॉलरला बाजारात आणला. पोरांपेक्षा थोरांनीच तो जास्त उचलला, हा भाग वेगळा. यात हार्ड डिस्क नसते. लिनक्स, प्रोग्रॅम्स, तुमचा डेटा, सगळं बिऱ्हाड नखाएवढ्या मायक्रो एसडी कार्डवर. खरी मेख तिथेच आहे.

आणि टिपिंग बकेट म्हणजे चिमुकला सी-सॉ. एका बाजूला ०.२७९४ मिलिमीटर पाऊस साठला की तो कलंडतो, 'टिक' होतं आणि पाय त्या क्षणाची वेळ फाइलमध्ये एका ओळीत लिहून ठेवतो. शंभर मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण ३५८ टिकटिक. असे तीन पावसाळे, दर महिन्याची एक फाइल. याशिवाय काका साध्या पर्जन्यमापकातलं पाणी रोज सकाळी साडेआठला मोजून वहीत लिहितात, हवामान खात्याच्या वेळेप्रमाणे. पण वहीत फक्त दिवसाचा एकूण आकडा. वेग कार्डावरच. आणि त्या कार्डाची दुसरी कॉपी कुठेही नाही!

मे महिन्यातला शनिवार. चिरंजिवांनी पुण्यात बसून रिमोटने लॉगइन केलं आणि अपडेट सोडलं. नवं कर्नल वगैरे सगळा लवाजमा. तिकडे चिपळूणला वळवाचा पाऊस आला आणि कोकणच्या रिवाजाप्रमाणे लाइट गेली. तासाभराने आली. पाय काही आला नाही.

"अरे, तुमच्या त्या पायाने अंथरूण धरलंय," काकांचा मला फोन. "टीव्हीला जोडून बघितला. काळा पडदा आणि इंग्रजीत काहीतरी लिहिलंय. रन एफएससीके मॅन्युअली."

"काका, तुम्ही काही टाइप केलंत का?"

"नाही बुवा. मुलगा म्हणतोय ती कमांड मारा आणि सगळ्याला यस म्हणा. म्हटलं, आधी तुला विचारावं."

थँक गॉड! ही एक गोष्ट काकांनी लाखमोलाची केली.

आता जरा आत डोकावू. कार्डचे दोन भाग असतात. पहिला छोटा, फॅट-३२ पद्धतीचा. त्यात कर्नल आणि मशीन सुरू करायला लागणाऱ्या फाइल्स. दुसरा मोठा, एक्स्ट-फोर पद्धतीचा. बाकी सगळा संसार त्यात. एक्स्ट-फोर तसा शहाणा गडी. त्याच्याकडे 'जर्नल' असतं, म्हणजे वाण्याची कच्ची वही. आधी कच्च्या वहीत लिहायचं आणि मग पक्क्यात उतरवायचं. मध्येच लाइट गेली तर उठल्यावर कच्ची वही बघून हिशोब पुरा करतो. पण यात दोन गोम आहेत. एक तर नेहमीच्या सेटिंगमध्ये या वहीत फक्त फाइलींचा पत्ता-ठिकाणा असतो, आतला मजकूर नाही. आणि दुसरं, कार्डने 'लिहिलं साहेब' म्हटलं की तो त्यावर विश्वास ठेवतो. स्वस्तातली कार्डं इथे बिनदिक्कत थापा मारतात.

त्यात फ्लॅश मेमरीचा स्वभाव असा की तिथे चार किलोबाइट एवढंसं खोडून लिहिता येत नाही. खोडायचा तर मोठा गठ्ठाच खोडावा लागतो. म्हणून कार्डमधला कंट्रोलर सतत सामान या खोलीतून त्या खोलीत हलवत असतो. अपडेटमध्ये हजारो छोट्या फाइल्स लिहिल्या जातात, म्हणजे ही हलवाहलव जोरात. तेवढ्यात वीज गेली तर ज्या फाइलला महिनोन् महिने कुणी हात लावलेला नाही, तीसुद्धा वाटेतल्या वाटेत गळपटू शकते. २०२३ च्या पावसाला २०२५ च्या अपडेटने कसं काय धुतलं, या प्रश्नाचं उत्तर हे.

काकांनी औषधाच्या रिकाम्या डबीत कापूस घालून कार्ड पुण्याला येणाऱ्या एकाकडे दिलं. मित्र माझ्याकडे आला तो लॅपटॉप उघडूनच. त्याच्या विंडोजला एक्स्ट-फोर कळत नाही, त्यामुळे कार्ड घातल्या घातल्या त्याने प्रेमाने विचारलं, डिस्क फॉरमॅट करायची का? मंडळी, हा प्रश्न कितीही लाघवी वाटला तरी इथे कॅन्सल. ऑलवेज कॅन्सल!

आम्ही माझ्या मशीनवर उबुंटू लावलं. तिथेही एक खाचखळगा आहे. कार्ड घातलं की डेस्कटॉप ते आपणहून उघडायला जातो आणि कच्ची वही पक्क्यात उतरवायला घेतो, म्हणजे आपण काहीही न करता कार्डावर लिखाण सुरू. म्हणून आधी ते ऑटो-माउंट बंद केलं. शिवाय मायक्रो एसडीच्या अॅडॉप्टरच्या बाजूला ती चिमुकली लॉकची खटकी असते ना, ती खाली ओढली. बहुतेक कार्ड रीडर तिचं ऐकतात.

मग डीडी-रेस्क्यू. हे माझं लाडकं हत्यार. साधं 'डीडी' कार्डाची जशीच्या तशी कॉपी काढतं, पण खराब जागा आली की तिथेच फतकल मारून बसतं. डीडी-रेस्क्यू व्यवहारी आहे. आधी चांगला भाग पटापट उचलायचा, खराब जागांवर खूण करून पुढे जायचं आणि नंतर त्या जागांशी पुन्हा पुन्हा झटापट करायची. कुठवर आलो हे एका मॅप फाइलमध्ये टिपून ठेवतं, त्यामुळे मध्येच थांबवलं तरी पुढे तिथूनच सुरू. आमच्या ३२ जीबीची पहिली फेरी अर्ध्या तासात उरकली. उरलेल्या काही एमबीसाठी मात्र अख्खी रात्र मशीन चालू ठेवलं. आम्ही बिर्याणी मागवली.

सकाळी त्या कॉपीची आणखी एक कॉपी काढली आणि काम तिच्यावर. मित्र वैतागला. "किती कॉप्या काढशील यार? एफएससीके मार ना डायरेक्ट."

मी त्याला आधी ई-टू-एफएससीके 'मायनस एन' लावून चालवून दाखवलं. यात प्रोग्रॅम नुसता तपासतो, प्रत्येक प्रश्नाला स्वतःच 'नाही' म्हणतो, काही बदलत नाही. पडद्यावरून तक्रारींचा जो पूर वाहिला तो बघून मित्र गप्प झाला. या आयनोडचा पत्ता चुकीचा, साफ करू? ही जागा दोघांच्या नावावर, तोडगा काढू? आता 'मायनस वाय' लावलं की या सगळ्याला डोळे मिटून 'हो'. एफएससीकेचं काम फाइल सिस्टीमचा हिशोब जुळवणं. तुमचा डेटा वाचवणं हे त्याचं काम नाही, आणि हिशोब जुळावा म्हणून तो एखादी फाइल बेलाशक साफ करतो. कॉपीवर हे चालतं, कारण बिघडलं तर दुसरी कॉपी आहे. मूळ कार्डावर 'साफ' म्हणजे साफ.

जाता जाता : कधी कधी 'सुपरब्लॉक'च उडालेला असतो. सुपरब्लॉक म्हणजे त्या भागाचा सातबारा. तो गेला की हात-पाय गाळू नका. एक्स्ट-फोर त्याच्या नकला ठिकठिकाणी ठेवतं. चार किलोबाइटच्या ब्लॉकला पहिली नक्कल ३२७६८ व्या ब्लॉकवर, पुढची ९८३०४ वर. ई-टू-एफएससीकेला तो आकडा दिला की तो तिथून वाचतो. आमचा सातबारा शाबूत होता.

'मायनस वाय' झालं. कॉपी उघडली. २०२२ च्या सगळ्या फाइल्स जागच्या जागी! २०२४ चा ऑगस्ट आणि २०२३ चा जुलै गायब. म्हणजे कोकणातल्या पावसाचा ऐन गाभाच. मित्राचा चेहरा पडला.

मग 'लॉस्ट-प्लस-फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये शिरलो. एसटी स्टँडवर हरवलेली पोरं बसवून ठेवतात तसलं प्रकरण. मजकूर आहे पण नाव-गाव हरवलंय, अशा फाइल्सना एफएससीके इथे आणून बसवतो, नावाच्या जागी नुसता नंबर लावून. चारशेच्या वर होत्या. बहुतेक अपडेटचा कचरा. पण काकांच्या प्रत्येक ओळीची सुरुवात तारखेने होते, त्यामुळे ग्रेपला '२०२३-०७' शोधायला सांगितलं आणि दोन सेकंदांत तो नंबर हातात. ऑगस्टही तसाच सापडला. मित्राने जी आरोळी ठोकली ती खालच्या मजल्यावर ऐकू गेली असणार.

ऑपरेटिंग सिस्टीमचं काय केलं म्हणाल तर काहीच नाही. कर्नल पुन्हा बसवून, अर्धवट राहिलेली पॅकेजेस डीपीकेजीने पुरी करून ती उठवता येते. काही लोकांना त्यात थ्रिल वाटतं. मला नाही वाटत. लिनक्स फुकट मिळतं, पाऊस परत पडत नाही. नवं कार्ड, त्यावर कोरी सिस्टीम, प्रोग्रॅम आणि डेटा परत. तासाभराचा खेळ. डेटा आता यूएसबीच्या एसएसडीवर जातो, कार्डाला 'ओव्हरले' लावून वाचण्यापुरतं ठेवलंय, रोज रात्री एक कॉपी पुण्याला येते, आणि पायला छोटा यूपीएस आहे. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की पाय पडद्यावर विजेचं पिवळं चिन्ह दाखवतो. काकांना ते दिसलं की फोन करायला सांगितलंय.

पण फाइल सापडली म्हणजे ती बरोबर आहे, असं थोडंच असतं? इथे काकांची वही कामाला आली. साडेआठ ते साडेआठ टिकटिक मोजायची, ०.२७९४ ने गुणायची आणि वहीतल्या आकड्याशी ताडायची. बहुतेक दिवस दोन-चार मिलिमीटरच्या आत जुळले. मुसळधार पावसात बकेट थोडी कमीच मोजते, तेवढा फरक धरलेला. फक्त जुलै २०२३ मधला एक बुधवार जुळेना. वहीत १३१, फाइलमधून जेमतेम ७०.

फाइल उघडून बघितली. दुपारी दोनपर्यंत ओळी ठीक, मग नुसते शून्य बाइट, मग पावणेसातपासून पुन्हा ओळी. भोक मोजलं. बरोबर ४०९६ बाइट, म्हणजे एक ब्लॉक. एक ओळ वीस बाइटची, म्हणजे सुमारे २०४ ओळी, म्हणजे ५७ मिलिमीटर पाऊस. तो ब्लॉक डीडी-रेस्क्यूच्या खराब जागांच्या यादीत होता. आणखी दोन रात्री झटापट केली. नाही आला.

काकांना फोन करून सांगितलं. पाऊस किती ते कळलं, दोन ते पावणेसातच्या मध्ये पडला तेही कळलं, पण कुठल्या तासाला किती, हे गेलं.

"मग पावणेपाच तासांत सरासरी वाटून टाकू का? तासाला बारा?"

"नको काका. सगळा एका तासात कोसळला असेल तर? आणि शून्यही नका लिहू. शून्य म्हणजे पाऊस नव्हता."

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. काकांनी तेवढे रकाने कोरे सोडले आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं : 'पाऊस होता. नोंद वाचता आली नाही.'