लेहमधला दम आणि मूत्रपिंडं

लेहला, सुमारे साडेतीन हजार मीटरांवर, हवेत प्राणवायू इतरत्र असतो तेवढाच, २१ टक्के असतो. हवेचा दाब मात्र समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश. म्हणून दर श्वासाला प्राणवायू कमी मिळतो. फुप्फुसं भराभर चालतात, हृदय धडधडतं, हे आपल्याला जाणवतं. मूत्रपिंडांचं काम मात्र कुणाच्या गावीही नसतं. म्हणून या अंकाचा मान त्यांना. जास्त श्वासामुळे रक्त अल्कधर्मी होतं आणि श्वासाला लगाम बसतो. मूत्रपिंडं बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकून तो सैल करतात. शिवाय एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडून अस्थिमज्जेला तांबड्या पेशी वाढवायला लावतात. पेशींना प्राणवायूची कमतरता कशी कळते, या शोधाला २०१९चं नोबेल मिळालं. मूत्रपिंडांच्या या जुळवाजुळवीला वेळ लागतो. तेव्हा विमानाने थेट लेहला उतरणाऱ्या वाचकांनो, पहिले दोन दिवस विश्रांती घ्या. फोटो नंतरही निघतील.