भोंगा नको, रोजचं तेच गाणं हवं



‘संगीताने स्वमग्नता बरी होते, तेव्हा जालना जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत स्पीकर लावा’ हे एका वाचकपत्रातलं मत सद्‌हेतूचं असलं तरी पटलं नाही. स्वमग्नता हा बरा करायचा आजारच नव्हे. नऊ देशांतल्या 4 ते 7 वर्षांच्या 364 स्वमग्न मुलांवर झालेल्या आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पाच महिने संगीतोपचार घेतलेल्या मुलांच्या लक्षणांत इतरांपेक्षा ठळक फरक दिसला नव्हता.

मग गाणं निरुपयोगी? मुळीच नाही. पाटी ठेवून डबा उघडायचा, हा साधा बदलही स्वमग्न मुलांपैकी अनेकांना अवघड जातो. अशा वेळी बाईंनी रोज त्याच चालीत, सावकाश, दोन ओळी म्हटल्या की पुढे काय होणार ते मुलाला आधीच कळतं. हात धुण्याच्या पायऱ्या, आठवड्याचे वार, पाढे असेच चालीत बसवता येतात. ओळीचा शेवटचा शब्द गाळून थांबावं. तो शब्द मूल कधी भरतं, कधी नुसतं बघतं. बघितलं तरी चालेल.

स्पीकरचं मात्र उलटं. या मुलांपैकी अनेकांना मोठा आवाज सोसवत नाही, ती कान झाकतात. (स्नेहसंमेलनातला डीजे आपल्यालाही कुठे सोसतो!) अंबडच्या दत्तजयंती संगीत महोत्सवाचा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्याला आवाज आणि सूर यांतला फरक सांगायला नको.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. तेव्हा या मुलांना वर्गात सामावून घेता यावं म्हणून स्पीकरचे पैसे शिक्षकांच्या प्रशिक्षणाला द्यावेत.

— एक शिक्षिका, अंबड (जि. जालना)