तळं भरतं कुठल्या पाण्यानं?

शेततळ्याच्या किंवा बांधबंदिस्तीच्या अनुदानाचा विषय निघाला की दोन पक्ष लगेच सरसावतात. एक म्हणतो, ही खिरापत बंद करा. दुसऱ्याच्या मते शेततळं म्हणजेच जलसंधारण, आणि त्यावर शंका घेणारा शेतकऱ्याच्या मुळावर उठलेला.

पहिल्याला उत्तर द्यायला फार वेळ लागत नाही. बांधबंदिस्ती करणाऱ्याची जमीन बांधाखाली जाते, पण मुरलेलं पाणी उतरतं खालच्या अंगाच्या विहिरींना. चार जणांच्या विहिरी भराव्यात म्हणून एकानं पदरमोड करायची आणि सरकारनं हात वर करायचे, हा कुठला न्याय? मोबदला द्यायलाच हवा.

दुसरा पक्ष अवघड, कारण तो अर्धा खरा आहे. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली ती वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवायला. अनुदानाची मर्यादा तेव्हा ५० हजार रुपये होती, पुढे ७५ हजार झाली. आता नाशिककडच्या द्राक्षपट्ट्यातल्या किंवा सोलापूरकडच्या डाळिंबाच्या गावातल्या एखाद्या तळ्याच्या भरावावर चढून बघा. चारी बाजूंनी उंच माती, तळाला प्लास्टिकचं अस्तर, आणि ओघळाचं पाणी आत यायला वाटच नाही. आत येतो तो एक काळा पाइप, विहिरीवरून नाहीतर बोअरवरून. पावसाळा सरला की मोटर सुरू करायची, सगळ्या शिवाराचं भूजल उपसून वर आणायचं आणि उन्हात उघडं ठेवायचं. ३० बाय ३० मीटरच्या भरल्या तळ्यातून दिवसाला ८ मिलिमीटर पाणी उडालं, तरी रोज ७,२०० लिटर गेलं. आणि आपल्या उन्हाळ्यात एवढं उडणं काही नवलाचं नाही. इकडे शेजाऱ्याची उथळ विहीर मात्र लवकर तळ दाखवते.

बागायतदार म्हणतील, तळं नसतं तर बाग जळाली असती. कबूल. बाग वाचवायला मदत जरूर द्या, पण ती फळबागेच्या खात्यातून. पाणी वाचवल्याच्या नावावर पाणी उपसायला पैसे का म्हणून?

शिवाय पैसे जातात सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. बटाईनं कसणारा बांध घालतो, राखतो, पण कागदावर तो कुठेच नसतो. कूळ लागेल या धास्तीनं मालक बटाई तोंडीच ठेवतो, आणि अनुदानाचा अर्ज तोंडी करता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की पैसा खड्ड्याला न देता मुरलेल्या पाण्याला द्या. ओघळावरचं, बिनअस्तराचं तळं पहिल्या रांगेत. अस्तराचं तळं गावाचा पाण्याचा ताळेबंद बघून, ग्रामसभेच्या ठरावानंतरच. बांधाचे पैसेही एकरकमी नकोत. तो टिकला तर दरवर्षी थोडे, आणि कसणाऱ्याचा वाटा ग्रामसभेच्या दाखल्यावर, ज्यातून कुळाचा हक्क लागणार नाही असं कायद्यातच लिहून.

हे तपासणार कोण, असा आक्षेप येईलच. कृषी खात्याचा माणूस आजही टेप घेऊन येतो, लांबी-रुंदी-खोली मोजतो. त्यानं पाणी कुठून येणार एवढं जास्तीचं विचारायचं. हिवरे बाजार या गावानं शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली, पाऊस मोजून पिकं ठरवली, आणि तेही सरकारी तपासनिसाची वाट न बघता.