नेट वर्थ? वजाबाकी दाखवा!

टायगर वुड्सची संपत्ती किती? फोनवर विचारा, क्षणात आकडा हजर. माझ्या मते असले बहुतेक आकडे अंदाजपंचे दाहोदरसे असतात. गोल्फरची एकच गोष्ट पक्की कळते, ती बक्षिसाची रक्कम. कारण ती जाहीर होते. वुड्सची पीजीए टूरवरची बक्षिसं सुमारे १२ कोटी डॉलर. २०२२ मध्ये ‘फोर्ब्स’ने त्याची कारकिर्दीतली एकूण कमाई १७० कोटींवर धरली, संपत्ती मात्र किमान १०० कोटी. मधले कोटी कुठे गेले? कर, एजंट, खर्च. अंदाज तोही, पण त्यात वजाबाकी तरी आहे. बाकीच्या कित्येक साइट जाहिरातींच्या करारांचे ऐकीव आकडे बेरजेत टाकतात आणि तिलाच संपत्ती म्हणतात.

याचा फटका बसतो साध्या व्यावसायिक गोल्फरला. दोन दिवस खेळून कट हुकला तर सहसा हाती शून्य. कॅडी, विमान, हॉटेलचा खर्च मात्र स्वतःचा. त्यालाही आपण ‘करोडपती’ ठरवून मोकळे होतो.

आपलंही तेच. पॅकेज सगळे विचारतात, ईएमआय कुणी विचारत नाही.