पीजचा प्रक्षेपक कुणाचा होता?

लहान दूरचित्रवाणी केंद्र परवडत नाही, आणि मोठ्या केंद्राच्या लहरी गावापर्यंत पोहोचल्या की त्याचे प्रयोजनही उरत नाही, हा युक्तिवाद आपल्याकडील जाणकार इतक्या सहजपणे करतात की तो तपासून पाहावा असे कुणाला वाटत नाही. आम्हांला वाटते. त्यासाठी गुजरातेतील पीज या गावाचा इतिहास पुरेसा आहे.

खेडा जिल्ह्यातील या गावी १९७५ साली एक किलोवॅटचा प्रक्षेपक उभा राहिला. (त्याच वर्षी सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत झालेल्या ‘साइट’ या उपग्रह-प्रयोगाची धुरा एकनाथ चिटणीस यांच्याकडे होती, मराठी वाचकाला एवढे तरी ठाऊक असावे.) कार्यक्रम इस्रोच्या अहमदाबादच्या स्टुडिओत तयार होत. सुमारे ४०० गावांत सार्वजनिक संच बसवले होते, पुष्कळ ठिकाणी दूध सोसायटीच्या आवारात. सायंकाळी दूध घालायला आलेली माणसे तिथेच पाहत बसत. जाहिराती नव्हत्या. हुंडा, दारू, अस्पृश्यता, शेतमजुरांचे वेतन या विषयांवर चरोतरच्या बोलीत मालिका होत. ‘चतुर मोटा’ त्यांतलीच. संहिता लिहिण्याआधी संशोधक गावात जाऊन बोलत, मागून कॅमेरा जाई, गावकरीच भूमिका करीत. मजुरी बुडवणाऱ्या जमीनदाराची गोष्ट तशाच जमीनदाराच्या गावात, त्याच्याच मजुरांसमोर दाखवण्याचे धाडस दिल्लीच्या राष्ट्रीय कार्यक्रमाला कधी झाले असते काय? तिथे अन्याय नेहमी दुसऱ्याच कुठल्या तरी गावात घडतो.

या प्रकल्पाला युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. आणि १९८५ साली पीजचे प्रक्षेपण बंद करून तो प्रक्षेपक मद्रासला हलवण्यात आला. तेथील शहरवासीयांसाठी दुसरी वाहिनी हवी होती. लोकांनी विरोध केला. त्याची दखल घेण्याइतके ते कुणाला महत्त्वाचे वाटले नाहीत.

यंत्र मोडले नव्हते, प्रेक्षक उठून गेले नव्हते. मग नेमके काय परवडत नव्हते? लहरींची कक्षा मोजून केंद्राची गरज ठरवणारे एक विसरतात: अहमदाबादचे चित्र खेड्याच्या पडद्यावर दिसले म्हणून ते खेड्याविषयी बोलू लागत नाही. मद्रासकरांना दुसरी वाहिनी मिळू नये असे आमचे म्हणणे नाही. पण १९८४ साली दिवसाला एक प्रक्षेपक उभारल्याची टिमकी वाजवणाऱ्या सरकारला त्यांच्यासाठी आणखी एक किलोवॅट सापडू नये?