'ळ' हरवला आणि सापडला

तुमच्या घराच्या नावात 'ळ' आहे का? असेल, आणि महाराष्ट्राबाहेर पाटी करून घेणार असाल, तर आधी माझी फजिती ऐका.

इंदूरच्या आमच्या नव्या घराचं नाव आजीने ठरवलं, 'जिव्हाळा'. मी ते पाटीवाल्या काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर इंग्रजी अक्षरांत पाठवलं (आपण सगळे तसंच करतो ना!) आणि पाटी आली 'जिव्हाला'. चूक माझीच. रोजच्या हिंदीत 'ळ' लागत नाही, काकांना तो कुठून सुचणार?

"बैठिए, फिर से काटते हैं," काका म्हणाले. म्हणून अर्धा दिवस मी त्यांच्या कारखान्यात बसले.

तिथे कळलं की देवनागरी कापायला सोयीची आहे. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो. इंग्रजीचं एकेक अक्षर ओळीत चिकटवावं लागतं. अनुस्वाराचा टिंब मात्र सुटा पडतो आणि हमखास हरवतो! अ‍ॅक्रिलिक लेझरने कापतात, पण पीव्हीसीचा सनबोर्ड लेझरखाली कधीच घालत नाहीत. तो जळला की विषारी वायू निघतो. त्याच्यासाठी राउटर.

मागच्या शेडमध्ये लग्नाच्या मंडपासाठी थर्माकोलचा मोर घडत होता. तापलेल्या तारेने ठोकळा लोण्यासारखा कापला जात होता. त्यावर फायबरचं रेझिन थेट लावलं, तर थर्माकोल विरघळतो, म्हणून आधी वेगळा लेप द्यावा लागतो. नव्या मुलाने ही पायरी गाळली होती आणि आधीच्या मोराची मान गेली होती. तो बिचारा दिवसभर कुणाशी बोलत नव्हता. मला फार जवळचा वाटला.

काकांचा सल्ला तुम्हालाही सांगते. मजकूर देवनागरीतच द्या. तरी कारखान्यात जुने फॉन्ट असतात, त्यामुळे तो पुन्हा टाइप होऊ शकतो. म्हणून कापण्याआधी खऱ्या मापाचा कागदी नमुना मागा आणि घरातल्या मोठ्यांना वाचायला लावा. तोच कागद पुढे भिंतीवर चिकटवून भोकांच्या खुणा करता येतात.

आजीला आता नीट दिसत नाही. नव्या पाटीवरून तिने बोट फिरवलं, शेवटच्या अक्षराच्या दोन वाटोळ्यांवर थांबली आणि विचारलं, "पहिलीचे पैसे घेतले का गं त्याने?"

अर्धे घेतले. तिला नाही सांगितलं.